अकराशे मीटर गाडीवाट: ठरावापासून मुरमापर्यंत

लातूर जिल्ह्यात, मांजरेच्या खोऱ्यात आमचं गाव. गावठाणाच्या उत्तरेकडे जाणारी गाडीवाट २०२५ मध्ये मोकळी झाली. लांबी १,१०० मीटर, तिच्यावर ३४ खातेदारांची मिळून ९८ एकर जमीन. सातारा-सांगलीकडे हिलाच पाणंद म्हणतात, विदर्भात पांदण. २६ जानेवारी २०२५ ला ग्रामसभेत ठराव झाला, मुरूम पडला मे महिन्यात आणि खरी परीक्षा झाली सप्टेंबरात. मधल्या काळात किती चकरा झाल्या, पैसे कुठं गेले, कुठं चुकलं ते सगळं इथं मांडतोय. आसपासच्या गावांतून अजून लोक विचारायला येतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "कोणत्या साहेबाला भेटायचं?" साहेब नंतर. आधी नकाशा.

वाटेची अवस्था सगळ्यांच्या ओळखीची असेल. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तरी निघून जात. आता एक ट्रॅक्टर कसाबसा जायचा. कोणी एका रात्रीत वाट खाल्ली असं झालेलं नाही. दरवर्षी नांगरटीला दोन्ही बाजूंनी वीत-वीत सरकलं की वीस-पंचवीस वर्षांत वाटेचा बांध होतो. त्यात ओढ्याजवळचे ४०० मीटर निव्वळ काळी माती. सोयाबीन काढणीला पाऊस लागला की मळणीयंत्र पलीकडे जायचं नाही, पोती डोक्यावरून डांबरीपर्यंत आणायची आणि वर पोत्यामागं हमाली. भरीस भर म्हणून डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात एका खातेदारानं वाटेत आडवा चर खोदला. खरं तर त्या चरानंच गाव जागं झालं.

ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघावी लागते. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. २६ जानेवारीला झेंड्याला माणसं असतातच, त्यामुळं गणपूर्तीची अडचण आली नाही. अडचण आली ठरावाच्या मसुद्यात. पहिला मसुदा होता, "उत्तरेकडील शेतरस्ता करण्यात यावा." असा ठराव फाईलला लावायच्या कामाचा, बाकी काही नाही. दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा वाट कुठून सुरू होते, कुठं संपते, दोन्ही अंगांना कोणते गट नंबर, अंदाजे लांबी, आजची रुंदी, अडथळे कुठं कुठं, आणि पाठपुराव्यासाठी सात जणांची समिती, एवढं सगळं घातलं. समितीत वाटेच्या दोन्ही बाजूंचे खातेदार घ्यावेत. सगळे एकाच बाजूचे असले तर पलीकडच्यांना ती समिती म्हणजे विरोधी पार्टी वाटते. एक गोष्ट मात्र मनात पक्की असू द्या: ग्रामसभेच्या ठरावानं कोणाच्या जमिनीतून वहिवाटीचा हक्क मिळत नाही. ठराव म्हणजे गावाचा पाठिंबा, आदेश तहसीलदारांचाच लागतो.

त्याच सभेत हा रस्ता मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजनेच्या आराखड्यातही टाकून घेतला. ११ नोव्हेंबर २०२१ च्या शासन निर्णयानं आलेली ही योजना तेव्हा रोजगार हमीच्या जोडीनं चालायची, म्हणजे मजुरी आणि साहित्य यांचं ६०:४० प्रमाण राखावं लागायचं. वाट अतिक्रमणमुक्त असल्याशिवाय तिथं पुढं काही हलायचं नाही, म्हणून मातीकाम आणि मुरूम वर्गणीतून करायचं आणि खडीकरण योजनेकडे सोडायचं असं ठरलं.

३ फेब्रुवारीला भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात नकलांचा अर्ज दिला. तीन कागद मागा: जुना सर्व्हे नंबरचा गाव नकाशा, एकत्रीकरणानंतरचा (शेतांचे तुकडे जोडून गट पाडल्यानंतरचा) गट नकाशा, आणि कोणत्या सर्व्हे नंबरचे कोणते गट झाले ते सांगणारा एकत्रीकरणाचा उतारा. आम्ही आधी फक्त गट नकाशा मागितला होता. त्यात वाट दिसेचना. दोन दिवस समितीची तोंडं उतरली होती. जुन्या नकाशात ती स्पष्ट होती, पण पूर्ण नव्हे. गावाकडून ७०० मीटरपर्यंत दोन तुटक रेषा, आणि पुढचे ४०० मीटर कागदावर काहीच नाही.

या रेषा वाचता आल्या की निम्मं काम झालं. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एक तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. हे विचित्र आकडे मोजणीच्या जुन्या साखळीतून आले आहेत. साखळी ३३ फुटांची, तिची निम्मी साडेसोळा, पाव सव्वाआठ. गुंठाही त्याच साखळीचा, ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. या हिशेबानं ७०० मीटर लांब आणि साडेसोळा फूट रुंद वाटेची जागा होते सुमारे ३५ गुंठे, आणि ती अकरा खातेदारांच्या गटांतून जाते. कोणी म्हणालं की "माझी एकरभर जमीन चालली", तर हा हिशेब कागदावर करून दाखवावा. एकेकाच्या वाट्याला सरासरी तीन गुंठे येतात.

ते तीन गुंठेही बहुतेकांच्या हातातले जातच नाहीत. सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीत न धरलेलं क्षेत्र दोन वर्गांत असतं. वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक जमीन. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, पायवाट, ओढा, तलाव अशा सार्वजनिक वापराखालची जागा, जिला आकारणी नसते. आमच्या अकरापैकी आठ सातबाऱ्यांवर 'ब' पोटखराब निघालं. म्हणजे ती जागा वाटेची आहे हे त्यांच्याच उताऱ्यावर आधीपासून लिहिलेलं होतं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांना मिळतो. अकरांचे उतारे काढायला १६५ रुपये लागले. सगळ्या खर्चात एवढं वसूल झालेलं दुसरं काही नाही.

आता अर्जांबद्दल. आमच्या एकाच वाटेवर तीन वेगवेगळे प्रश्न होते आणि तिघांचे रस्ते वेगळे. नकाशातल्या ७०० मीटरवर जुनं अतिक्रमण होतं, तिथं मोजणी करून, नोटिसा देऊन वाट मूळ रुंदीला आणायची. पुढच्या ४०० मीटरवर नकाशात वाटच नाही, तिथं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३, म्हणजे सरबांधावरून (दोन शेतांमधल्या हद्दीच्या बांधावरून) नवा रस्ता मागणं. आणि तो आडवा चर म्हणजे वापरात असलेल्या वाटेला केलेला अडथळा, त्याला मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ (मामलतदार म्हणजे आजचे तहसीलदारच). बरीच गावं हे सगळं एका अर्जात कोंबतात. मग सहा महिन्यांनी उत्तर येतं की अमुक मागणी या कलमात बसत नाही, आणि पहिल्यापासून सुरुवात. ११ फेब्रुवारीला आमचे तीन वेगळे कागद एकाच दिवशी दाखल झाले.

मामलतदार कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. गावाची सवय अशी की आधी समजावू, मग पंच बसवू, मग पुढारी बोलावू, आणि यात हंगाम निघून जातो. हवं तर समजावणं चालू ठेवा, पण दावा टाकून ठेवा. आणि हा साधा अर्ज नसतो, दावा असतो. वादी-प्रतिवादींची नावं, वय, धंदा, पत्ते, जागेचं वर्णन, कागदांची आणि साक्षीदारांची यादी, खाली सत्यापन (मजकूर खरा असल्याचं सहीनिशी लिहून देणं), आणि अडथळा कोणत्या तारखेला झाला ते लिहावंच लागतं. चर खोदला त्या दिवशीचे मोबाईलवरचे फोटो आणि त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत दिलेल्या तक्रारीची पोच, या दोन गोष्टींनी ती तारीख पक्की झाली. पोच नसती तर "हा चर दोन वर्षांपासून आहे" एवढं म्हणून समोरचा सुटला असता.

कलम १४३ च्या अर्जाला अर्जदारांचे चालू सातबारे (तीन महिन्यांच्या आतले), ज्यांच्या बांधावरून रस्ता मागतोय त्यांची नावं, पत्ते आणि गट, कच्चा नकाशा, आणि कुठं कोर्टात वाद चालू असेल तर त्याचे कागद लावावे लागतात. अर्ज समितीच्या नावानं करू नका. ज्याच्या शेताला रस्ता नाही तो खातेदार अर्जदार हवा. आमच्याकडे पाच जण होते. तहसीलदार बघतात ते एवढंच: याला शेतात जायला दुसरी वाट आहे का, पूर्वी कुठून जात होता, आणि कमीत कमी नुकसानीची वाट कोणती. दोन्ही बाजूंच्या सरबांधावरून चार-चार फूट अशी आठ फुटांची पायवाट, किंवा गाडीरस्ता असेल तर एकूण आठ ते बारा फूट, असा तेव्हा सहसा आदेश व्हायचा. आम्ही बारा मागितले, म्हणजे प्रत्येक बाजूचे सहा फूट. ४०० मीटरला ते साधारण सव्वासात गुंठे प्रत्येक बाजूला. खातेदार सहा, त्यातल्या चौघांनी मार्चमध्येच लेखी संमती दिली, कारण त्यांच्याही मागच्या पट्टीला हीच वाट लागणार होती. उरलेल्या दोघांचं भांडण आमच्याशी नव्हतंच, एकमेकांशी होतं.

मोजणीचा अर्ज १२ फेब्रुवारीला केला. तेव्हा दोन हेक्टरपर्यंतच्या गटाला साध्या मोजणीचे २,००० रुपये आणि मुदत ९० दिवस, द्रुतगती मोजणीचे ८,००० आणि मुदत ३० दिवस. साधी घेतली असती तर मे महिन्याचा मध्य उजाडला असता, आणि नंतर काम करायला पावसापुढं दिवसच उरले नसते. सगळ्या अकरा गटांची मोजणी परवडणारी नव्हती. भूकरमापकाशी (सरकारी मोजणीदाराशी) बोलून वाटेच्या दोन टोकांचे, ज्यांच्या हद्दींबद्दल वाद नाही असे दोन गट निवडले आणि त्यांची द्रुतगती मोजणी घेतली, १६,००० रुपये. या दोन पक्क्या टोकांवरून मधली आखणी जुन्या नकाशाप्रमाणे करून द्यायला सगळे तयार होते. जिथं तयारी नसेल तिथं वादाचा गट स्वतंत्र मोजावाच लागेल.

मग सुरू झालं वाट बघणं. ६ मार्चला पहिली सुनावणी. दोन जणांना नोटीस पोचलीच नव्हती, कारण एक पुण्याला आणि एक मुलीकडे. नोटीस न बजावल्याचा मुद्दा नंतर आदेश उलटवायला पुरेसा होतो, म्हणून घाई करू नका. बाहेरगावच्या खातेदारांचे आत्ताचे पत्ते अर्जातच द्या आणि तलाठ्याकडे बजावणीचा पाठपुरावा करा. (पाटीवर आता ग्राम महसूल अधिकारी लिहिलंय, पण गावात तलाठीच.) पुढची तारीख २० मार्च. मार्चएंडची वसुली चालू असल्यानं स्थळपाहणी पुढं गेली, मग पाडवा आला. ज्यांना फेब्रुवारीत अर्ज करून मार्चमध्ये आदेशाची आशा असेल त्यांनी हा महिना सोडूनच हिशेब करावा. आम्ही खरं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरुवात करायला हवी होती.

स्थळपाहणी आणि मोजणी एकाच दिवशी जमवली, ९ एप्रिल. हरभरा, ज्वारी निघालेली, रान मोकळं, त्यामुळं यंत्र घेऊन फिरायला अडचण नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी पंचनामा केला. पंचनामा लिहून होईपर्यंत तिथून हलू नये आणि सही करण्याआधी तो मोठ्यानं वाचून घ्यावा. आमच्या कच्च्या पंचनाम्यात "वाट सध्या वापरात नाही" असं वाक्य आलं होतं. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं साधी गोष्ट, चर खोदलाय म्हणून गाडी जात नाही. पण कलम ५ च्या दाव्यात वाट वापरात होती हेच तर सिद्ध करायचं असतं. ते वाक्य बदलून "डिसेंबर २०२४ पर्यंत वापरात असल्याचे उपस्थितांनी सांगितले, सध्या चरामुळे वाहन जात नाही" असं करून घेतलं.

भूकरमापकानं रोव्हरवर (उपग्रहावरून जागा दाखवणाऱ्या यंत्रावर) बिंदू घेतले, फक्कीनं (पांढऱ्या भुकटीनं) रेषा मारली. इथं एक चूक झाली. फक्की मारून सगळे जेवायला गेले, दगड उद्या रोवू म्हणाले. रात्रीत कोणीतरी पाणी सोडलं, सकाळी निम्मी रेषा गायब. दुसऱ्यांदा माणूस बोलवायला आठ दिवस गेले. खुणा त्याच दिवशी पक्क्या करा. दर ३० मीटरला दोन्ही बाजूंना दगड, दोन फूट जमिनीत आणि एक फूट वर, वरच्या भागाला पांढरा रंग, आणि प्रत्येक दगडाचा खातेदारासह फोटो. नंतर मोजणी नकाशाची 'क' प्रत, म्हणजे अर्जदाराला मिळणारी सहीची प्रत, घ्यायला विसरू नका. पुढच्या प्रत्येक ठिकाणी तीच मागतात.

आणि मग ते वाक्य, जे प्रत्येक वाटेवर ऐकायला मिळतं: "आधी त्याचं काढा, मग माझं बघू." यावर उपाय एकच. दोन्ही बाजूंच्या खुणा एका दिवशी, तोडही एका दिवशी, आणि सुरुवात समितीतल्या माणसाच्या बांधापासून. समितीच्या अध्यक्षांच्या गटातून सगळ्यात जास्त, साडेचार फूट निघत होतं. पहिलं बकेट तिथं पडलं तेव्हा मागच्या दोघांनी आपापल्या तारा स्वतःच गुंडाळल्या.

२२ एप्रिलला आदेश आले. चर बुजवायचा आणि पुन्हा अडथळा करायचा नाही असा मनाईहुकूम, सरबांधावरून बारा फुटांचा रस्ता, आणि नकाशातल्या भागावरचं अतिक्रमण काढायच्या नोटिसा. कलम १४३ च्या निर्णयाविरुद्ध एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो, हे लक्षात ठेवून त्या ४०० मीटरवर आम्ही पैसे घालणं मुद्दाम टाळलं. तिथं फक्त सपाटीकरण आणि दाबाई. मुरूम सगळा नकाशातल्या भागावर.

वर्गणीवरून जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरून नाही झाली. घरटी सारखी रक्कम ठेवली तर एक एकरवाला ओरडतो, एकरी ठेवली तर पंधरा एकरवाला. शेवटी एकरी २,००० ठरले, ९८ एकरांचे १,९६,०००. काम सुरू व्हायच्या दिवशी १,७१,००० जमले होते. पैसे रोखीनं कोणाच्या घरात ठेवू नयेत. दोघांच्या सहीचं बँक खातं उघडलं आणि दर शनिवारी खर्चाचा कागद मारुतीच्या पाराजवळ चिकटवला.

जेसीबी ५ मेला लागला. दर तासाला १,२०० रुपये, एकूण ३१ तास, ३७,२०० रुपये. यातले निदान चार तास आमच्या निष्काळजीपणाचे. पाइपलाइनी कुठून जातात ते कोणी आधी सांगितलं नाही, आणि पहिल्याच दिवशी तीन ठिकाणी पीव्हीसी फुटली. नंतर प्रत्येकाकडून पाइपलाइनीच्या जागी काठ्या रोवून घेतल्या. आणखी एक शहाणपण उशिरा सुचलं: वाट खोदलेली आहे तोवर दर दीडशे-दोनशे मीटरला सहा इंची पाइपाचा रिकामा तुकडा आडवा पुरून ठेवायचा. उद्या कोणाला पलीकडे पाणी न्यायचं असेल तर रस्ता फोडावा लागत नाही, पाइप त्या तुकड्यातून जातो. विजेच्या खांबाचा ताण (आधाराची तार) वाटेत असेल तर त्याला हात लावू नका, महावितरणला अर्ज द्या आणि तेवढी जागा सोडून पुढं जा. बाभळी काढल्या. एक जुनी चिंच मधोमध आली होती. चिंच, आंबा, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वाट तिथं चार फूट वळवली. सावलीला बरीच झाली.

ओढ्याजवळचे काळ्या मातीचे ४०० मीटर नकाशातल्या ७०० मीटरमधलेच, सरबांधावरचे ४०० वेगळे. अशा काळ्या मातीत मुरूम नुसता वर टाकला की पहिल्या पावसात तो खाली जातो आणि चिखल वर येतो. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, वरचं सगळं हलवते. म्हणून आधी एक फूट माती खरवडून काढली. ती फेकायला कुठं न्यावी लागली नाही, दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी भांडून नेली. मग ४०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, दाबून २० सेंटिमीटर जाडीचा थर. दाबलेला माल २४० घनमीटर. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून सव्वा ते दीडपटीच्या मधला अंदाज धरून ३१२ घनमीटर मागवला, म्हणजे ११० ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). तीन ब्रासच्या टिपरनं ३७ खेपा, खेपेला १,५०० प्रमाणे ५५,५०० रुपये.

मुरमाचं स्वामित्वधन (सरकारी रॉयल्टी) ब्रासला ६०० रुपये, ११० ब्रासचे ६६,०००. हा आकडा ऐकून "रात्रीतून आणू" म्हणणारे निघालेच. बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि गाडी जप्त होते ती वेगळी. परवाना काढा, प्रत्येक खेपेची पावती जपून ठेवा. मुरूमही बघून घ्या. मूठभर मुरूम पाण्यात कालवा. बोटाला लोण्यासारखा चिकटला तर त्यात माती जास्त, पावसात घसरेल. नुसतीच खडी हाताला लागली आणि काहीच धरलं नाही तर तो दाबला जाणार नाही, चाकाखालून उडेल. खडे आणि त्यांना धरणारी थोडी लाल माती असा माल हवा. आमच्या दुसऱ्या खदानीच्या नऊ खेपा पिवळट मातीच्या निघाल्या. त्या परत करता आल्या नाहीत, कडेच्या भरावाला वापरल्या.

थर एकदम २० सेंटिमीटरचा टाकू नका. दोन थर, प्रत्येकावर पाणी मारून रोलर. मुरमाची मूठ वळली की गोळा राहावा पण हाताला पाणी सुटू नये, एवढी ओल पुरे. रोलर ८ ते १० टनी, कडेकडून मध्याकडे, प्रत्येक थरावर पाच-सहा फेऱ्या. दोन दिवसांचे १२,००० आणि सहा टँकर पाण्याचे ४,२००. मध्याला उंचवटा हवाच. मीटरला चार सेंटिमीटर उतार, म्हणजे तीन मीटर रुंदीत मध्य कडेपेक्षा सहा सेंटिमीटर वर. रोलरवाला म्हणेल, "सपाट छान दिसतंय." सपाट रस्ता म्हणजे पावसाळ्यात तळं.

पाण्यासाठी दोन्ही अंगांना दीड फूट खोल चारी, आणि दोन ठिकाणी आडव्या मोऱ्या. ६०० मिलिमीटरचे सिमेंटचे हुम पाइप, अडीच मीटरचा एक, मोरीला दोन. चार पाइप वाहतुकीसह १९,००० रुपये. स्वस्त म्हणून ३०० मिलिमीटरचे घ्या असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. त्यात उसाचं पाचट आणि तुराट्या अडकल्या की पाणी रस्त्यावरून जातं आणि एका रात्रीत मुरूम ओढ्यात. पाइपावर किमान दीड-दोन फुटांचं भरण हवं, नाहीतर उसाची भरलेली ट्रॉली तो फोडते. आणि पाइप ओढ्याच्या तळाशी बसवा, वर नाही.

सगळं मिळून कागद, झेरॉक्स, वकील, मोजणी धरून खर्च २,१६,००० च्या आसपास गेला. कमी पडले त्यासाठी पुन्हा एकरी २०० काढले.

दुसऱ्या थराची दाबाई राहिली असतानाच मे महिन्याच्या उत्तरार्धात पाऊस सुरू झाला, आणि त्या वर्षीचा मे कसा गेला ते सगळ्यांना माहीत आहे. मान्सून २६ मेला मुंबईतसुद्धा पोचला होता. ९० मीटरचा वरचा थर दाबायचा राहिला. त्याच भागात जूनमध्ये ट्रॅक्टरची चाकोरी पडली, तिच्यात पाणी साचलं, चाकोरी घळ झाली. बाकीचे ३१० मीटर जागचे हलले नाहीत. ज्या रस्त्यावर दाबाई झालेली नाही त्यावर पावसात गाडी घालू नका हे सांगणं सोपं, पण पेरणी थांबत नसते. निदान दगड टाकून तेवढा भाग बंद करायला हवा होता.

सप्टेंबर अखेरच्या अतिवृष्टीत मराठवाड्याचं काय झालं ते सांगायला नको. आमच्या वाटेवर एक मोरी तगली, दुसरीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचा ढीग अडकून पाणी बाजूनं फुटलं आणि पाच मीटर भराव गेला. तिथं दगडी पिचिंग नव्हतं. जिथं टिकली त्या मोरीच्या दोन्ही तोंडांना गावातल्याच पडक्या वाड्याचे दगड रचले होते, मजुरी सोडून खर्च शून्य. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुसरीलाही दगड लावले आणि तोंडाच्या दोन मीटर अलीकडे लोखंडी गजांची जाळी उभी केली, कचरा तिथंच अडकावा म्हणून. दर पावसानंतर जाळी साफ करायची पाळी गटवार लावली आहे. दोनदा पाळी चुकली.

आता राहिलं सातबाऱ्याचं. २२ मे २०२५ च्या शासन निर्णयानं शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' सदरात घ्यायची सोय झाली. ही नोंद महत्त्वाची, कारण जमीन विकली गेली की नवा मालक "मला काही माहीत नव्हतं" म्हणतो. आदेशाची सही-शिक्क्याची प्रत, 'क' प्रत आणि पंचनामा जोडून सगळ्या सतरा खातेदारांच्या गटांसाठी तलाठ्याकडे अर्ज दिलाय. तेरा नोंदी झाल्या. चार अडकल्यात, त्यातल्या दोन गटांवर वारसांचीच नोंद लागलेली नाही, आधी ते फेरफार व्हायचेत. चर खोदणाऱ्या खातेदाराच्या सातबाऱ्यावर मात्र नोंद पहिल्याच आठवड्यात झाली. त्या वर्षीचं त्याचं सोयाबीन याच वाटेनं मळणीयंत्रावर गेलं.